सेकंदाला अर्धा किलोमीटर

सोमवार, १० एप्रिल १९७८, मेहकर

निवृत्त होऊन दहा महिने झाले. एवढ्यात एकही माजी विद्यार्थी दारात आला नाही, आणि आज आला तो नेमका नको तो. इंद्रभान. सुलतानपूरच्या तानाबाईचा मुलगा. आठवी ते अकरावी आमच्या हायस्कुलात होता, शिष्यवृत्तीवर. आता मुंबईच्या एका संशोधन संस्थेत आहे, तेही शिष्यवृत्तीवरच. सरकारने या लोकांना पाळण्यापासून सरणापर्यंत शिष्यवृत्ती द्यायचं मनावर घेतलंय.

तानाबाई विहिरीच्या कामावर पडली, तिचा पाय मोडला. ती इथल्या दवाखान्यात आहे, म्हणून हा महिन्याची रजा काढून मामाकडे उतरलाय. बरोबर खाकी कागदात गुंडाळलेलं बाड. म्हणाला, आकडेमोड करायची आहे, आणि ती एकट्याने केलेली चालत नाही. त्यांची रीत अशी की दोघांनी एकमेकांचं न बघता तेच गणित करायचं आणि मग कागद शेजारी ठेवायचे. जुळलं तर खरं. नाही जुळलं तर दोघांनीही पुन्हा करायचं, आणि तोवर त्या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. शेवटी दोघांच्या सह्या. संस्थेतल्या संगणकावर याची पाळी जुलैत, आणि गाईडना आकडे पाच मेच्या आत हवेत.

मेहकरात दुसरं कुणी नव्हतं का, असं मी विचारलं. तर म्हणतो, "आहेत ना सर. पण आकड्याले तुमच्याएवढं कडक कोणी नाही."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं. हिने त्याला पाहुण्यांच्या कपातून चहा दिला, त्याचीही गरज नव्हती.

बुधवार, १२ एप्रिल

आज दुपारी ओसरीवर बसून त्याने मला विषय समजावून सांगितला. छत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला. मी मधून मधून घड्याळाकडे बघत होतो, ते त्याला कळलं नाही किंवा कळूनही त्याने चालू ठेवलं.

कृत्तिका आणि रोहिणीच्या मधल्या भागात काळे ढग आहेत, धुळीचे आणि वायूचे. भयंकर गार. डोळ्याला दिसत नाहीत, मागचे तारे झाकतात एवढंच. तारे जन्मतात ते अशा ढगांच्या पोटात, पण वायू आत कसा गोळा होतो ते कुणी पाहिलेलं नाही. आता, त्या ढगात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलं की माणूस मारतो, तोच. त्याचा रेणू ठरावीक लांबीची रेडिओलहर सोडतो. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर किंचित आखूड होऊन पोचते, दूर जात असेल तर लांब होऊन. त्यावरून वायूचा वेग काढायचा. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने गेल्या नोव्हेंबरात याच्या ढगाच्या अडतीस पट्ट्या काढल्या. लांबलचक कागद, त्यावर शाईने उमटलेला एक उंचवटा, आणि कोपऱ्यात तिथल्या यंत्रचालकाने हाताने लिहिलेली तारीख आणि वेळ.

सत्तावीस पट्ट्या साध्या रेणूच्या, अकरा जड रेणूच्या, म्हणजे ज्यातला कार्बन जरा वजनदार असतो. साधा रेणू ढगात खच्चून भरलेला असतो, म्हणून त्याच्यातून फक्त आपल्याकडची साल दिसते. जड रेणू विरळ, त्याच्यातून आतला गाभा दिसतो. दोघांचा वेग एकच निघाला तर ढग जागच्या जागी आहे. गाभ्याच्या मानाने साल आपल्यापासून दूर सरकताना दिसली तर वायू आत कोसळतोय, म्हणजे तिथे तारा जन्माला येतोय.

"सेकंदाले अर्धा किलोमीटर, सर," तो म्हणाला. "तेवढा फरक पाहिजे फक्त."

वरवरच्या अंदाजात त्याला तो फरक दिसलाय. खरा निघाला तर ऑगस्टात त्याला स्वतःला त्या दुर्बिणीवर पाठवणार. नाही निघाला तर दुसरं कुणीतरी जाईल. म्हणजे असं आहे तर. याच्या विमानाच्या तिकिटासाठी मी आकडे खरडायचे.

शुक्रवार, १४ एप्रिल

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर धावते. दुर्बीणही तिच्यावरच बसलेली, म्हणून ढगाच्या दिशेने पृथ्वीचा जो वेग असेल तो प्रत्येक पट्टीतून काढून टाकावा लागतो. हा वाटा रोज बदलतो. एका दिवसाने जवळजवळ अर्धा किलोमीटर. तेव्हा पट्टीवरची तारीख बघायची, वेळ बघायची, कोन काढायचा, कोष्टक उघडायचं. नववीच्या पोराला जमेल असं काम आहे.

आज चौदा पट्ट्या झाल्या. जेवायला दोनदा बोलावलं म्हणे, मला ऐकू आलं नाही.

मंगळवार, १८ एप्रिल

अकोल्याहून आमच्या हिंमतचं पत्र. जिनिंगच्या कारखान्यातली नोकरी सोडतोय, चौथी. गणितात माझाच मुलगा तीनदा नापास झाला, हे गावात कुणी विसरलेलं नाही. आज बसस्टँडवर वामनराव कंडक्टर भेटले, तर पहिलं वाक्य काय, तुमचा इंद्रभान आलाय म्हणे. माझा कसला?

घरी आल्यावर मी बोललो ते जरा जास्तच बोललो. चार इयत्ता शिकून आकाशाला शिडी लावायला निघालेत, वगैरे. ही गच्चीवर कुरडया घालत होती. तिथूनच म्हणाली, "तुमाले त्याचा एवढा राग काऊन येते? आपल्या पोराचं काही त्यानं हिसकून नाही नेलं."

पट्ट्या एकवीसपर्यंत झाल्या होत्या, बाविसावी घेतली.

रविवार, २३ एप्रिल

आज ताळा. त्याने त्याचा कागद माझ्या कागदाशेजारी दिवाणावर ठेवला. साध्या रेणूच्या सत्तावीसच्या सत्तावीस पट्ट्या दुसऱ्या दशांशापर्यंत जुळल्या. "क्या बात है सर," तो पुटपुटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग जड रेणूच्या अकरा. एकही जुळली नाही. सगळ्यांत फरक जवळजवळ एकच, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. त्याच्या कागदाप्रमाणे वायू आत कोसळतोय, तारा जन्मतोय, इंद्रभान अमेरिकेला जातोय. माझ्या कागदाप्रमाणे ढग शेणाच्या पोवासारखा पडून आहे.

त्याचा चेहरा उतरला. पण रीत ती रीत, बोलला काही नाही. त्याचे आकडे मी माझ्या कागदावर समासात टिपून घेतले, त्याने माझे. शनिवारी पुन्हा भेटायचं ठरलं.

सोमवार, २४ एप्रिल

सकाळीच चूक सापडली, आणि ती माझी.

साध्या रेणूच्या सगळ्या पट्ट्या मध्यरात्रीआधीच्या आहेत, जड रेणूच्या अकराही नंतरच्या. कोपऱ्यात लिहिलंय, २७ नोव्हेंबर, एक वाजून पन्नास. इंद्रभानने सरळ सत्तावीस तारीख धरली. मी मात्र नकळत सत्ताविसाची रात्र धरली, म्हणजे इंग्रजी हिशोबाने अठ्ठावीस. आमच्या घरात वडिलांपासून पंचांग. आमचा दिवस उगवतीला बदलतो, बाराच्या ठोक्याला नाही. शनिवारी रात्री दोनला पोर झालं तर ते शनिवारचंच. हात कागदावर चालत होता तेव्हा डोक्यात हाच हिशोब होता, आणि मला पत्ताही नव्हता.

छत्तीस वर्षांची कीर्ती पंचांगाने बुडवली. आता शनिवारी या पोरासमोर कबूल करायचं की मेहकरच्या गुरुजींनी अमेरिकेची घड्याळं मेहकरच्या सूर्यावर लावली. दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा ते गरम आहे म्हणून हिच्यावर ओरडलो.

मंगळवार, २५ एप्रिल

चूक माझी नाही.

बाडात तळाशी आणखी चार पट्ट्या होत्या. यंत्राची तब्येत बघायला रोज रात्री एका ओळखीच्या ढगाची पट्टी काढतात, असं इंद्रभान पहिल्या दिवशी म्हणाला होता. त्या ढगाचा वेग जगाला ठाऊक आहे, छापलेला आहे, त्यामुळे त्या पट्ट्यांचं गणित कुणी करत नाही. मी केलं. त्याच रात्रीची पट्टी, सत्तावीस नोव्हेंबर, तीन वाजून दहा मिनिटं. सत्तावीस धरली तर वेग अर्ध्या किलोमीटरने चुकतो. अठ्ठावीस धरली तर छापल्याबरहुकूम, दुसऱ्या दशांशापर्यंत.

म्हणजे तो यंत्रचालकही आमच्यासारखाच. रात्री कामावर बसताना तारीख लिहिली ती लिहिली, उजाडेपर्यंत बदलली नाही. त्याची रात्र मागच्याच दिवसाची. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी माझ्या वडिलांसारखा दिवस मोजतो, हे कळल्यावर मी एकटाच ओसरीवर हसलो. ही बाहेर येऊन बघून गेली.

तेव्हा वायू कोसळत नाही. तारा नाही. इंद्रभानचा शोध म्हणजे एका दिवसाची तारीख आहे. शेराला सव्वाशेर भेटला, इतकंच मला म्हणायचंय.

बुधवार, २६ एप्रिल

आता जे केलं ते लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

शनिवारी मी त्याला तारखेचं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तो थोडा वेळ खट्टू होऊन बसला असता, मग दुरुस्ती करून मुंबईला पाठवली असती. गाईड म्हणाले असते, शाबास, वेळीच सापडलं. चूक करूनही याचीच शाबासकी. या लोकांचं सगळं असं अलगद झेललं जातं. माझ्या मुलाला कुणी झेललं नाही. मीही नाही.

न सांगितलं तर? जूनच्या परिषदेत याचे गाईड याचं नाव घेऊन भरसभेत सांगतील की वायू कोसळतोय. कुणीतरी साहेब उठून विचारेल, तारीख कुठली धरली. मग बघावं.

मी माझा कागद समोर ठेवला. नवा घेतला. समासातले त्याचे अकरा आकडे त्यावर उतरवले, अक्षर नेहमीसारखं ठेवून. मग जुना फाडला. दहा मिनिटांचं काम. त्याच्या नकळत त्याला धडा मिळेल, एवढाच हेतू. शिक्षकाने धडा देऊ नये तर काय द्यावं?

गुरुवार, २७ एप्रिल

भूक नाही. ऊन फार आहे.

पट्ट्या परत एकदा चाळल्या. करायला काही उरलेलं नाही, तरी चाळल्या. त्या अकरा पट्ट्यांतला उंचवटा मोठा रेखीव आहे, हे म्हणायला हवं. हे सांगावं असा मेहकरात एकच माणूस आहे आणि तो शनिवारी येणार.

शनिवार, २९ एप्रिल

तो अकराला आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. तानाबाईला परवा सुट्टी मिळणार असं हिला सांगितलं आणि समोर बसला. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

एकही आकडा जुळला नाही.

मला आधी काही समजेना. त्याच्या कागदावर माझे आकडे होते, माझ्या कागदावर त्याचे. त्यानेही तळाच्या पट्ट्या काढल्या होत्या. त्यालाही अठ्ठावीस सापडली होती. स्वतःच्या हाताने स्वतःचा शोध खोडून, ऑगस्ट खोडून, तो माझ्या पहिल्या उत्तरावर आला होता.

त्याने माझा कागद ओढून वरपासून वाचला. मग सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं मी पहिल्यांदा कोष्टकातला शेजारचा आकडा उचलला होता," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा केलं तवा सापडला. तुमच्या कागदावर तोच चुकीचा आकडा आहे सर. तुम्ही गणित नाही केलं. माहा आकडा उतरवला."

दोन माणसं एकाच ओळीत एकच चूक करत नाहीत. हे मी वर्गात छत्तीस वर्षं सांगितलं आणि त्याच्या जोरावर कितीतरी पोरांचे पेपर काढून घेतले.

"माहा ऑगस्ट जाऊ नये म्हणून केलं ना?" त्याने त्या ओळीवरचं बोट काढलं नाही. "जिंदगीभर लोकांनी माहे मार्क हिसकले, नाही तं बिचारा म्हणून वाढवून देले. तुम्ही कोणाले अर्धा मार्क फुकट देत नव्हते. म्हणून आलो सर तुमच्याजवळ. आन तुम्हीच माह्यावर दया केली."

ही दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की तसं बघून पंचवीस वर्षं तरी झाली असतील. मला काही करायची गरजच नव्हती. गप्प बसलो असतो तर दोघांच्या लेखी मी भला माणूस ठरलो असतो. पण या पोराने माझ्यावर दयाळूपणाचा आळ घ्यावा, हे मला सहन झालं नाही.

"दया नाही," मी म्हणालो. "तारीख चुकली हे मला मंगळवारीच कळलं. तू भरसभेत तोंडावर पडावं म्हणून आकडा बदलला."

ही आत निघून गेली. मला वाटलं, आता तो कागद गोळा करून उठेल, कदाचित दोन शब्द बोलेल, मीही ऐकून घेईन. तसं झालं नाही. त्याचे खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली.

"खरंच?" त्याने विचारलं.

"खरंच."

"मंग बसा," तो म्हणाला. "दुश्मनाचा आकडा चालते मले. दयेचा नाही चालत."

पहिला कागद त्याने मागितला. तो मी फाडून टाकला असल्याचं सांगितलं. तेव्हा त्याने बाडातून कोरा कागद काढला, माझी पेन्सिल, माझं कोष्टक माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचा कागद उलटा करून त्यावर हात ठेवला. अकरा गणितं मी त्याच्यासमोर बसून करायची, पहिल्यापासून. मी साठीला आलेला माणूस. त्याला हाकलून द्यायचा मला पूर्ण हक्क होता, आणि मी पहिली पट्टी ओढून घेतली.

वाऱ्याने कागद उडायला लागला तेव्हा त्याने फक्त कोपऱ्यावर बोट ठेवलं. जेवणाची वेळ गेली. ही बोलवायला आली नाही. सहावीत एक बेरीज चुकली, ती मीच पकडली आणि खोडली. त्याने ते बघितलं. साडेतीन वाजता अकरावी संपली.

त्याने त्याचा कागद उलटा केला. अकराही जुळल्या. वायू कोसळत नाही. ढग जागच्या जागी आहे. त्याने एकेका ओळीवर पेन्सिलने बारीक खूण केली, अगदी सावकाश, आणि शेवटच्या खुणेनंतर काही वेळ डोळे मिटून बसला. मला वाटतं ऑगस्ट तेव्हा गेला.

मग सही मागितली. मी केली.

"खाली तारीख घाला, सर."

घातली. त्याने कागद उचलला, तारीख नीट वाचली आणि मगच घडी घातली. चहा घेतला नाही. हिच्या पाया पडला, माझ्या पडला नाही, आणि बाड काखेत मारून उन्हातून दवाखान्याकडे गेला.

या पोराने मला समोर बसवून तपासलं आणि पास केलं. याचा राग माझ्या मनातून मरेपर्यंत जाणार नाही.

आत्ता दिवे लागल्यावर ही दुपारपासून पहिल्यांदा बोलली. तो उद्या येणार आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, आता कशाला येईल, सगळे आकडे बरोबर आलेत.